माकडहाड सांगते ती भावकी

बार्शीटाकळी तालुक्यात वानर पाहायला जंगलात जावे लागत नाही. काटेपूर्णा अभयारण्य जवळच आहे. तूर-हरभरा भरला, की काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी शेतात उतरते आणि तिथून गावातल्या टिनांवर येते. शेतकरी वैतागतो, आणि शनिवारी मारुतीपुढे हातही जोडतो. अशा गावातल्या पोराला शाळेत ‘माणूस माकडापासून झाला’ असे सांगितले, की त्याचा प्रश्न ठरलेला असतो : मग टिनावरचे हे वानर माणूस का होत नाही?

पोराचा प्रश्न बरोबर आहे. चुकीचे आहे ते वाक्य.

गावात एकाच आडनावाची दहा घरे असतात. ती एकमेकांपासून जन्मलेली नसतात. सगळ्यांचा खापरपणजोबा एक असतो. चुलतभावाला कोणी बाप म्हणत नाही. माणूस आणि वानर यांचे नाते असे भावकीचे आहे. दोघांचे समान पूर्वज साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी होते. त्यानंतर वाटण्या झाल्या. एका शाखेत आजची वानरे आणि लाल तोंडाची माकडे आली, दुसऱ्या शाखेत कपी आले. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी हे कपी. आणि प्राणिशास्त्राच्या हिशेबाने माणूसही कपीच. यातला चिंपांझी आपला सर्वांत जवळचा. त्याच्या आणि आपल्या वाटा साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. महाराष्ट्राच्या जंगलात माणूस सोडून एकही कपी नाही. भारतात रानटी कपी म्हणजे ईशान्येकडचा हूलॉक गिबन. त्यामुळे आपल्या मुलांनी रोज पाहिलेला नातेवाईक दूरचा असतो, आणि जवळचा फक्त चित्रात दिसतो. घोळ इथूनच सुरू होतो.

वानर आणि कपी ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपूट. वानराची शेपूट त्याच्या अंगापेक्षा लांब असते. कपींना ती नसतेच. पण शेपूट गेली तरी तिचा बुंधा राहिला. न्हाणीत घसरून पडलेली बाई दवाखान्यात येऊन ‘माकडहाडाले मार लागला’ म्हणते, तेव्हा ती याच बुंध्याविषयी बोलत असते. मराठीने या हाडाला दिलेले नाव शरीरशास्त्राला धरूनच आहे. पाठीच्या कण्याच्या टोकाशी तीन ते पाच लहान मणके एकमेकांना जुळून हे हाड बनते. आईच्या पोटातल्या गर्भाला सुरुवातीच्या आठवड्यांत खरोखर शेपूट असते. आठव्या आठवड्याच्या अखेरीस ती जिरून जाते. २०२४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या बदलामागचे एक संभाव्य कारणही दाखवले. टीबीएक्सटी नावाच्या जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा शिरलेला आहे. तो माणसात आणि इतर कपींत आहे, शेपटीच्या माकडांत नाही. उंदरांच्या जनुकात तसाच परिणाम घडवून आणल्यावर काही पिल्ले आखूड शेपटीची, तर काही बिनशेपटीची जन्मली. माकडहाड मात्र निकामी नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्यालाच धरून असतात.

दुसरी खूण ताटातली. गाय, बकरी, कुत्रा यांना लिंबू-आवळा खावा लागत नाही. क जीवनसत्त्व त्यांचे शरीर स्वतः बनवते. माणसाला ते जमत नाही, चिंपांझीला नाही आणि टिनावरच्या वानरालाही नाही. ते बनवण्याच्या शेवटच्या टप्प्याचे जनुक आपल्याकडे आहे, पण मोडलेल्या अवस्थेत. या साऱ्या भावकीत ते मोडलेलेच आहे. वाडवडिलांच्या वाड्याची एक भिंत पडली आणि सगळ्या वारसांच्या वाट्याला पडकी भिंतच आली, तसा हा प्रकार.

तिसरी खूण पेशीतली. माणसात ४६ गुणसूत्रे, तर चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांत ४८. मग दोन गेली कुठे? ती गेली नाहीत. कपींतली दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून जोडली गेली आणि आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र झाले. एरवी गुणसूत्राच्या टोकाशी असणारी रचना या गुणसूत्राच्या मधोमध आजही सापडते. २००५ साली चिंपांझीचा जनुकीय आराखडा जाहीर झाला. समोरासमोर ठेवून अक्षरागणिक ताडता येणाऱ्या भागात फरक सव्वा टक्क्याच्या आसपास निघाला. गळालेले आणि नव्याने शिरलेले तुकडे धरले तर तो वाढतो, पण नाते बदलत नाही.

वैद्यकाचे बरेचसे काम या नात्याच्या भरवशावर चालते. रक्तगटापुढे लिहिलेले ‘आरएच’ हे ऱ्हीसस माकडाच्या नावावरून आले. लँडस्टायनर आणि वीनर यांचे १९४० सालचे संशोधन त्या माकडांच्या रक्तावर होते. पोलिओ विषाणूमुळे होतो, हे १९०८ साली माकडांना लागण करूनच कळले. पुढे साल्क यांच्या लसीचा विषाणू माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवला गेला. त्यासाठी भारतातून माकडे परदेशी जात. १९७८ साली सरकारने ही निर्यात बंद केली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला, त्यात या मुक्या भावकीचाही वाटा आहे.

नात्याची दुसरी बाजूही आहे. जे औषध दोघांना लागू पडते, तसा जो रोग एकाला होतो तो दुसऱ्यालाही होऊ शकतो. एड्सचा मुख्य विषाणू चिंपांझींतून माणसात आला. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाची साथ आली. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू माकडांना मारतो आणि माणसांनाही. जंगलात माकडे मरून पडू लागली, की तो आरोग्य खात्याला पहिला इशारा असतो. वऱ्हाडासाठी धडा साधा आहे. वानराला हाताने खायला घालू नये. ते चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी जावे. ‘देवाचं वानर आहे, काही होत नाही’ हा भरवसा जिवावर बेतू शकतो.

इतके सारे समजावून सांगणारा धडा मुलांना मिळतो का, हा खरा प्रश्न आहे. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र येऊन तो खोडून काढला. पुढे २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळालेला दिसला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचे नुसते ‘आनुवंशिकता’ झाले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. बारावीला हा विषय आहे, असे उत्तर मिळाले. पण बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण? वाणिज्य, कला, आयटीआयकडे जाणाऱ्या किंवा शेतीत उतरणाऱ्या मुलासाठी दहावी हीच शेवटची संधी असते.

आपल्या राज्य मंडळाने हा धडा ठेवला. २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाची सुरुवातच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ने होते. पुस्तकात आहे म्हणून तो वर्गात शिकवला जातोच असे नाही. वाद नको म्हणून तो घाईत उरकला, की मुलाच्या हाती ‘माणूस माकडापासून झाला’ एवढे चुकीचे वाक्य उरते, आणि पुढे कोणी त्याची टिंगल केली तर उत्तर देता येत नाही. वाद टाळायचीही गरज नाही. मारुतीवरची श्रद्धा हा मनाचा विषय आहे, आणि भावकी हा हाडामांसाचा. दोन्ही एकाच गावात नांदू शकतात.

शिक्षकांनी सुरुवात खिडकीबाहेरच्या वानरापासून करावी. त्याची शेपूट दाखवावी, मग मुलांना स्वतःच्या पाठीचा कणा खालपर्यंत चाचपायला सांगावे. हात माकडहाडाशी थांबला, की पहिला पुरावा सापडला.