गॅदरिंगचं गाणं ठरवण्याआधी



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. गाण्यांची यादी पक्की होते, ड्रेपरीवाल्याकडे मापं जातात, आणि एकदा पैसे भरले की मग कुणी कुणाचं ऐकून घेत नाही. म्हणून यादी कच्ची आहे तोवरच सांगणं भाग आहे: पहिली-दुसरीतल्या पोरांना आयटम साँगवर नाचवू नका.

तालीम कशी चालते ते एकदा वर्गाच्या दारात उभं राहून बघा. बाहेरून आलेले डान्स सर मोबाइलवर मूळ गाणं लावतात आणि सात वर्षांच्या मुलींना म्हणतात, ‘स्टेप बरोबर आहे, पण एक्स्प्रेशन येत नाहीये.’ येणार कुठून? त्या हावभावामागे जे आहे, ते त्या वयाला ठाऊकच नाही. मग मुली नक्कल करतात. मान कशी वेळावायची, ओठ कधी चावायचा, डोळा कोणत्या ओळीला मारायचा, सगळं पाढ्यांसारखं पाठ होतं. संमेलनाच्या रात्री नेमकी त्याच ओळीला शिट्टी पडते, आणि आपल्यात लोकांना काय आवडतं हे त्या मुलीला तिथल्या तिथे कळतं. तिची चित्रकला, तिचं खो-खोतलं पळणं, यांना अशी शिट्टी कधी मिळालेली नसते.

हे काही शाळांच्या डोक्यातून निघालेलं नाही. ते आलं टीव्हीवरून. 18 जून 2019 रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना लेखी बजावलं होतं: मोठ्यांसाठी चित्रित झालेली नृत्यं रिअॅलिटी शोमध्ये लहान मुलांकडून करून घेतली जातात, त्यातले हावभाव पुष्कळदा सूचक आणि वयाला न शोभणारे असतात, मुलांवर त्याचे वाईट परिणाम होतात, तेव्हा संयम ठेवा. सूचना होती, शिक्षा नव्हती. कायदा बघावा, तर बालकामगार कायद्याच्या 2017च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराचं काम दिवसाला 5 तासांपलीकडे नेता येत नाही, सलग 3 तासांहून जास्त घेता येत नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. तास मोजले, पैसे मोजले. गाण्याची निवड मात्र शेवटी मोठ्यांच्या अकलेवर येऊन थांबते, आणि तिथेच सगळं घोडं अडलेलं आहे.

मुलग्यांचं काय, हे तर कुणी विचारतच नाही. सहा वर्षांच्या पोराला ‘तुझी गर्लफ्रेंड कोण?’ असं स्टेजवर विचारून हशा घेणं, त्याला परीक्षक बाईंना गुलाब द्यायला लावणं, हा त्याच धंद्याचा दुसरा दरवाजा आहे.

‘मग काय मुलींनी अंगभर कपडे घालून नुसत्या प्रार्थना म्हणायच्या?’ असं कुणी विचारील. नाही. मुलींच्या कपड्यांवर पहारा बसवणाऱ्यांच्या पंगतीत आम्हाला बसवू नका. फ्रॉक आखूड आहे म्हणून काही बिघडत नाही. लावणीशीही भांडण नाही. शृंगारिक लावणी ही मोठ्या कलावतीची, जाणत्या वयाची कला आहे आणि म्हणूनच ती सात वर्षांच्या मुलीच्या माथी मारायची नसते. दोष मुलाचा नाही, गाण्याचाही नाही. मोठ्यांनी लावलेल्या जोडीचा आहे.

नाच संपला तरी गोष्ट संपत नाही, कारण तो रात्रीच ‘पब्लिक’ अकाउंटवर चढतो. पुढे त्याचं काय होतं? 2019 साली ब्राझीलमधल्या एका दहा वर्षांच्या मुलीने घरामागच्या पोहण्याच्या तलावात खेळतानाचा साधा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. थोड्याच दिवसांत तो सुमारे 4 लाख वेळा पाहिला गेला. यूट्यूबची शिफारस-यंत्रणा तो नेमका अशा प्रेक्षकांपुढे ठेवत होती, ज्यांना लहान मुलांचे व्हिडिओ भलत्याच कारणासाठी हवे असतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत, मुलांच्या व्हिडिओंखाली चाललेल्या किळसवाण्या शेरेबाजीमुळे नेस्ले आणि डिस्नेने जाहिराती थांबवल्या, तेव्हा कुठे यूट्यूबने लहान मुलं असलेल्या कोट्यवधी व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया बंद केल्या. आजीला दाखवायचा नाच आजीलाच पाठवा.

आणि नुकसान मुलीच्या आतही होतं. स्वतःच्या शरीराकडे सतत बघणाऱ्याच्या नजरेने पाहायची सवय लागली की डोकं दुसरीकडे लागत नाही. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात महाविद्यालयीन तरुणींना आरशासमोर एकट्यानेच बसून गणितं सोडवायला दिली होती. पोहण्याचा पोशाख घातलेल्यांना ती स्वेटर घातलेल्यांपेक्षा कमी जमली. बघायला खोलीत कुणी नव्हतंसुद्धा! अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने 2007च्या अहवालात मुलींना असं अकाली ‘मोठं’ करण्याचा संबंध शरीराची लाज, खाण्याचे विकार आणि नैराश्याशी जोडला आहे.

बाजाराला हे सगळं सोयीचंच आहे. शरीराची लाज वाटणाऱ्या मुलीला क्रीम विकणं सोपं जातं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड निर्माण करणारी जाहिरात चालत नाही. अशी जाहिरात दिसली तर तक्रार करा. 

एक गोष्ट विशेष बजावून. मुलाचं अश्लील चित्रण मोबाइलवर आलं, तर ‘बघा, काय चाललंय’ म्हणून ग्रुपवर ढकलू नका. पॉक्सो कायद्याखाली ते पुढे पाठवणं गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024च्या निकालात ते जवळ बाळगण्याबाबतही कडक भूमिका घेतली आहे. थेट पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. एखादं मूल धोक्यात आहे असं वाटलं तर 1098 फिरवा.

आणि याच आठवड्यात मुख्याध्यापकांना दोन ओळी लिहून द्या: गाण्यांची यादी तालमीआधी पालकांना दाखवा, मोठ्यांची गाणी वगळा, संमेलनाचं चित्रीकरण पालकांच्या लेखी परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. एकट्याने पत्र दिलं तर ‘तुमच्याच मुलीला प्रॉब्लेम आहे का?’ असं ऐकावं लागतं. म्हणून वर्गातल्या पाच-सहा पालकांच्या सह्या घेऊन जा.