गालांवरचं फुलपाखरू

दोस्तांनो, बागेत फुलपाखरू दिसलं की आपण त्याच्यामागे धावतो. पण तेच कुणाच्या चेहऱ्यावर येऊन बसलं तर? दोन्ही गाल लाल आणि नाकावरून त्यांना जोडणारा लाल पट्टा! ‘ल्युपस’ या आजाराची ही एक खूण. अर्थात, प्रत्येक रुग्णाला ती असतेच असं नाही आणि गाल लाल झाले की ल्युपसच, असंही नाही बरं का!

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारं एक सैन्य असतं. ल्युपसमध्ये हे सैन्य शत्रू कोण नि मित्र कोण, हेच विसरतं. मग ते आपल्याच त्वचेवर, सांध्यांवर, मूत्रपिंडांवर हल्ला चढवतं. म्हणूनच हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शेजारी बसा, डबा वाटून खा, खुशाल खेळा!

लहानांपेक्षा दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलांमध्ये तो जास्त दिसतो. त्यातही मुलींमध्ये अधिक. बरेच दिवस रेंगाळणारा ताप, सतत थकवा, सुजलेले सांधे, तोंडात फोड, केस गळणं, उन्हात गेलं की अंगावर चट्टे, ही त्याची लक्षणं. मूत्रपिंडांना मात्र गुपचूप इजा होते. काहीच दुखत नाही! म्हणून बरं वाटत असतानाही लघवी, रक्त आणि रक्तदाब तपासत राहावं लागतं.

1950 च्या सुमारास निदानानंतर पाच वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात असत. आज चांगले उपचार मिळाले तर दहातली नऊहून अधिक मुलं हा टप्पा ओलांडतात. शाळा, कॉलेज, नोकरी सारं करतात. मात्र आजार मुळापासून जात नाही. तो कधी शांत असतो, कधी उसळतो. औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात.

आता खरी गोष्ट. आजार उसळला की स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. त्यांनी चेहरा गोल होतो, वजन वाढतं. वर्गात कुणी ‘ए भोपळ्या!’ म्हणतं आणि ती मुलगी गुपचूप गोळ्या बंद करते. हे फार धोक्याचं! या गोळ्या चालू असताना शरीर स्वतःचं स्टेरॉइड कमी बनवतं. त्यामुळे त्या अचानक थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं. डोस हळूहळू कमी करायचा, तोही डॉक्टरांनीच. डोस उतरला की चेहराही बहुधा पूर्ववत होतो.

आईबाबांनो, मुलांना कडक उन्हापासून जपा, लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्यांची नियमित तपासणी चुकवू नका.

आणि दोस्तांनो, तुमचं एक चिडवणं कुणाचं औषध बंद पाडू शकतं, तसंच तुमचं एक ‘चल, खेळायला येतेस?’ ते चालूही ठेवू शकतं. मग, काय म्हणाल उद्या वर्गात?