लिटरमागचे 5 रुपये 12 पैसे कशाचे?

राजापेठ, अमरावती
डिसेंबर 2025

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

पेट्रोलवरचा अधिभार आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. त्याच्या सगळ्या फायली आपल्याच खात्यात आहेत. आम्ही निवेदने दिली, अर्ज केले, पोच घेतली. उत्तर आले ते दरवेळी एकच: आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. तो विभाग कोणता, हे एकाही पत्रात लिहिलेले नव्हते. म्हणून आता हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

सप्टेंबर 2015 च्या अखेरीस मंत्रिमंडळाने पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे 2 रुपये वाढवले. कारण दुष्काळाचे होते. दारू, सिगारेट, शीतपेये आणि सोन्यावरचा करही त्याच दिवशी वाढला आणि या सगळ्यातून दुष्काळ निवारणासाठी 1,600 कोटी रुपये उभे करायचे, असे सांगितले गेले. त्या वर्षी वऱ्हाडातल्या कास्तकाराचे काय हाल होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. दोन रुपयांवर कोणी कुरकुर केली नाही. दुष्काळासाठी मागितले तर कोण नाही म्हणणार?

पण दुष्काळाचे कारण मागे पडले आणि अधिभार वाढतच गेला. 2017 च्या मध्यापर्यंत पेट्रोलवरचा अधिभार लिटरला 11 रुपयांवर गेला होता. महामार्गालगतची दारूची दुकाने न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, महसूल बुडाला, आणि ती भरपाई पेट्रोल भरणाऱ्यांकडून वसूल झाली. पुढे थोडी कपात झाली. 1 जून 2020 ला, टाळेबंदीत लोकांचे पगार अर्ध्यावर आले असताना, तो 8.12 वरून 10.12 रुपये करण्यात आला. सरकार बदलल्यावर जुलै 2022 मध्ये पेट्रोलवरचे 5 आणि डिझेलवरचे 3 रुपये कमी झाले. डिझेलचा अधिभार तेव्हा संपला. पेट्रोलवर उरलेले 5 रुपये 12 पैसे आम्ही आजही भरतो आहोत.

डिझेल सोडले आणि पेट्रोल धरून ठेवले, यामागचा विचार काय? पेट्रोल म्हणजे शहरातल्या सुखवस्तू माणसाची चैन, हाच ना? दर्यापूर, अंजनगाव, नांदगाव खंडेश्वर या बाजूला एकदा येऊन पाहा. वावरात जायला मोटरसायकल, दवाखान्यात न्यायला मोटरसायकल, बाजाराला मोटरसायकल. ती पेट्रोलवरच चालते. राजापेठेतल्या गल्ल्यांमध्ये उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्या जुन्या बाजारातून हप्त्यावर घेतलेल्या आहेत. मालक शिक्षक, छोटे दुकानदार, एलआयसीचे एजंट, निवृत्त कारकून. ही माणसे आपल्याला चैनीत लोळणारी वाटतात का?

28 जून 2024 च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी पेट्रोल-डिझेल स्वस्त केल्याची घोषणा केली. आम्ही ती बातमी आशेने वाचली. सवलत होती मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईपुरती. तिथला पेट्रोलवरचा कर 26 टक्क्यांवरून 25 वर आला, डिझेलवरचा 24 वरून 21 वर आला. तिजोरीवर सुमारे 200 कोटींचा भार पडेल, असे सांगितले गेले. या 200 कोटींमधला एक पैसाही अमरावतीच्या, अकोल्याच्या, यवतमाळच्या पंपावर उतरला नाही.

आपले अधिकारी सांगतील की आधी मुंबईचा दर जास्त होता, तो फक्त बाकी राज्याच्या बरोबरीला आणला. मान्य आहे. टक्के समान झाले. पण रुपयांत बघा. मुंबईत पेट्रोल 103 रुपये 50 पैशांना मिळते, अमरावतीत 105 च्या आसपास. हा फरक मुख्यतः वाहतुकीचा: तेल इथपर्यंत आणायला खर्च येतो आणि तो मूळ किमतीत मिसळतो. त्या मिसळलेल्या किमतीवर आपण 25 टक्के लावता. हिशेब करून पाहिला, तर 105 रुपयांच्या लिटरमध्ये राज्याचा वाटा जवळपास 25 रुपये 10 पैसे येतो: 19 रुपये 98 पैसे कर आणि 5 रुपये 12 पैसे अधिभार. मुंबईत तोच वाटा 24 रुपये 80 पैसे. म्हणजे इथला माणूस टँकरचे भाडेही भरतो आणि त्या भाड्यावर राज्याला करही देतो. लिटरमागे 30 पैसे जास्त. मुंबईकराला लोकल आहे, मेट्रो आहे, बेस्ट आहे. त्याने गाडी घरी ठेवली तरी त्याचे काम अडत नाही. आम्हाला यातले काहीही नाही, आणि कर आम्ही जास्त भरायचा. याला समानता म्हणतात का?

पंपावर कोणी लिटर मागत नाही. सगळे म्हणतात, "भाऊ, पाचशेचं टाका." नोट पुढे जाते, आकडे फिरतात, पोरगा नळी काढतो, मागचा हॉर्न वाजवतो. त्या 500 रुपयांत जेमतेम पावणेपाच लिटर येते. त्यातले सुमारे 120 रुपये राज्य सरकारचे. केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरला 21 रुपये 90 पैसे, म्हणजे आणखी 104. तेल कंपनी, टँकर आणि पंपवाला या सगळ्यांना मिळून उरतात 276. पावतीवर यातले काहीच लिहिलेले नसते. किराणा दुकानातल्या बिलावर जीएसटीची फोड असते, हॉटेलच्या बिलावर असते. ज्या वस्तूवर राज्य एवढा मोठा हात मारते, तिच्याच पावतीवर ही फोड नसते.

आता गाडी ठेवायचा सगळा हिशेब मांडतो, कारण "परवडत नाही तर गाडी कशाला घेता" असे तोंडावर बोलणारे लोक मला भेटले आहेत. सहा लाख रुपयांची साधी पेट्रोल गाडी धरा. नोंदणीच्या वेळी राज्याचा एकरकमी वाहनकर 11 टक्के, म्हणजे 66,000 रुपये. हा कर जीएसटीसह किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर. नोंदणी आणि विमा धरून गाडी सात लाखांना रस्त्यावर येते. दहा वर्षांनी ती दोन लाखांना गेली तर वर्षाला 50,000 रुपये झिजले. हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीचा नुसता तृतीयपक्ष विमा 3,416 रुपये आणि त्यावर जीएसटी. स्वतःच्या नुकसानीचा विमा धरला तर साडेनऊ हजारांच्या आसपास. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी यांचे सरासरी 12,000. महिन्याला 600 किलोमीटर आणि 15 चे अ‍ॅव्हरेज धरले तर महिन्याला 40 लिटर, वर्षाचे 50,400 रुपये. वर्षाची बेरीज जाते 1,21,900 वर. किलोमीटरला 17 रुपयांच्या घरात.

यात राज्याचा वाटा किती? पेट्रोलवर वर्षाला 12,048 रुपये आणि वाहनकराचा दहावा हिस्सा 6,600. मिळून साडेअठरा हजारांच्या वर. चाक एक किलोमीटर फिरले की राज्याच्या तिजोरीत अडीच रुपयांहून जास्त जमा होतात. नुसत्या अधिभाराचे वर्षाचे 2,457 रुपये. इथल्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. एका मुलाच्या शाळेची पुस्तके आणि गणवेश त्यात निघतात.

जुनी गाडी ठेवली तर सुटका होईल, असेही नाही. 15 वर्षे झाली की पेट्रोल कारला 3,000 रुपये पर्यावरण कर आणि नोंदणी नूतनीकरणाचे 5,000. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी नंबरप्लेट 745 रुपये अधिक जीएसटी. यातल्या काही गोष्टी केंद्राच्या आहेत, ते मला ठाऊक आहे. खिसा मात्र एकच आहे.

वर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिले आहे की इथेनॉलरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटू शकते. म्हणजे अशा जुन्या गाडीला त्याच 600 किलोमीटरला 40 ऐवजी साडेबेचाळीस लिटर लागणार. त्या जास्तीच्या अडीच लिटरवरही आपला 25 टक्के कर आणि 5 रुपये 12 पैसे आहेतच. गाडी लिटरमागे कमी चालली, तरी राज्याचे उत्पन्न वाढले. या वाढीव करातून वाहनधारकाला काही परत द्यावे, असा विचार आपल्या खात्यात एकदा तरी झाला का?

गाडी विका, लागेल तेव्हा भाड्याने घ्या, हा सल्लाही ऐकला. आमच्या शेजारी ऐंशी वर्षांच्या आजी आहेत. त्यांना तपासणीसाठी नागपूरला न्यावे लागते, दीडशे किलोमीटर. एसटीचे भाडे जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्क्यांनी वाढले, पण प्रश्न भाड्याचा नाही. दोन्ही गुडघे गेलेल्या बाईला एसटीची पायरी चढवायला दोन माणसे लागतात, आणि सकाळी गेलेले परत येईपर्यंत रात्र होते. रेल्वेने जावे तर बहुतेक लांबच्या गाड्या बडनेऱ्याला थांबतात. रात्री दोनला उतरल्यावर तिथून राजापेठेला यायला ऑटोवाला सांगेल ते द्यायचे. भाड्याची गाडी केली तरी तिच्या टाकीत याच करांचे इंधन असते, आणि ते भाड्यातून आमच्याकडूनच वसूल होते.

शहरातली गत काय सांगू? ऑगस्ट 2025 मध्ये राजकमल चौकाजवळचा रेल्वे उड्डाणपूल धोकादायक म्हणून बंद केला. जीवापेक्षा पूल मोठा नाही, तो बंद करणे बरोबरच होते. पण त्यानंतर भार राजापेठेकडे वळला. संध्याकाळी चौकात गाड्या पहिल्या गिअरवर सरकतात, एसी बंद करून लोक काचा खाली करतात, मागे रुग्णवाहिका अडकलेली असते. तिथे जळणाऱ्या प्रत्येक लिटरवरही तोच कर आहे. हे शहर राज्याला पेट्रोल आणि गाड्यांवरच्या करातून इतके देते, तर पर्यायी मार्गाची सोय आधी का झाली नाही?

इच्छा असली की काय होते हेही आम्ही पाहिले आहे. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत घातला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. आम्हाला त्याचा अभिमान वाटला. वर्षानुवर्षे कंबर मोडणाऱ्या त्या रस्त्यावर पाच दिवसांत डांबर पडले. मग आपल्या खात्याला एक अधिभार रद्द करायला दहा वर्षे का लागतात?

महाराष्ट्राला पेट्रोलियम पदार्थांवरच्या विक्रीकरातून वर्षाला 30,000 कोटींहून जास्त मिळतात, देशात सर्वाधिक. शेजारच्या गुजरातेत, अहमदाबादला, पेट्रोल साडेचौऱ्याण्णवच्या आसपास मिळते. तिथले सरकार बुडाले नाही, रस्तेही थांबले नाहीत. राज्याला पैसा लागतो, योजना चालवाव्या लागतात, हे समजते. पण दुष्काळासाठी घेतलेला पैसा दुष्काळी भागावर किती खर्च झाला, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. ज्या विभागात शेतकरी आत्महत्या थांबत नाहीत, ज्याच्या सिंचन अनुशेषावर समित्यांचे अहवाल धूळ खात आहेत, ज्याच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, त्या विभागाने तर हे आधी विचारायला हवे होते. आम्ही उशिरा विचारतो आहोत, आणि त्याचाच फायदा घेतला गेला आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट लिहितो. 2015 पासून पेट्रोलवरच्या अधिभारातून वर्षाला किती रक्कम आली आणि त्यातली किती दुष्काळ निवारणावर खर्च झाली, याचा जिल्हावार हिशेब विधिमंडळासमोर ठेवा. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांचे आकडे वेगळे दाखवा. डिझेलप्रमाणे पेट्रोलवरचेही 5 रुपये 12 पैसे रद्द करा. एकदम झेपत नसेल तर पुढच्या अर्थसंकल्पात निम्मे करा आणि उरलेले कधी जाणार त्याची तारीख सांगा. वाहतूक खर्चावरचा कर तरी आजच थांबवा, म्हणजे रिफायनरीपासून लांब राहण्याचा दंड आम्हाला भरावा लागणार नाही.

आणि याला तर पैसाही लागत नाही: पंपाच्या प्रत्येक पावतीवर राज्याचा कर किती, अधिभार किती आणि केंद्राचा किती, हे मराठीत छापणे बंधनकारक करा. अमरावतीच्या पंपावर पाचशेचे पेट्रोल टाकणाऱ्याला आपण किती घेता ते त्याच्या हातात कागदावर मिळाले पाहिजे.

आपला,
राजापेठेतला एक वाहनधारक