आधी उतार की आधी पार्टी?

ग्रुपमध्ये ‘स्कीइंगला जाऊया’ ठरलं, की लगेच कुणीतरी विचारतं, रात्री तिकडे काय? तर ऐका. गुलमर्गला बर्फ भारी, पण संध्याकाळनंतर शुकशुकाट. ओल्ड मनालीत कॅफे, गाणी सगळं आहे; स्कीइंगसाठी मात्र सोलांग गाठायचं, आणि तिथले उतार छोटे. दोन्ही एकत्र हवं तर आल्प्सला जा, बाबांना विचारून! आमचं मत गुलमर्गला. तिथे भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत रीतसर कोर्स होतात. शिकाऊंना पायथ्याचं मैदान पुरतं, गोंडोल्याचा दुसरा टप्पा नको. आपलं मालाड समुद्रसपाटीला, गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर. पहिल्याच रात्री प्यायलात, तर सकाळी डोकं धरून बसाल आणि भाड्याच्या स्की पडून राहतील. ज्याला फक्त पार्टीच हवी, त्याने ते काँट्रिब्युशन काढायच्या आधीच सांगावं.