परवडणारा तंबोरा

नाशिक रोडच्या माणसाला सारखेपणाचं मोल सांगावं लागत नाही. 1925च्या सुमारास इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, पाठोपाठ करन्सी नोट प्रेस आली, आणि तेव्हापासून कितीतरी घरांचं घड्याळ प्रेसच्या पाळीवर चालत आलं. माझं माहेर त्यातलंच. एक नोट दुसरीपेक्षा तसूभर वेगळी निघाली की ती बाद, हे मी लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकलं. त्यामुळे मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दोन तंबोरे शेजारी शेजारी उभे पाहिले, दोन्ही एकाच कारागिराच्या हातचे, आणि ते हुबेहूब सारखे नसतानाही जोडी म्हणूनच विकले जातात हे कळलं, तेव्हा मी बराच वेळ तिथेच रेंगाळले. भोपळे एका मापाच्या आसपासचे, लाकूड एकच, तरी एकाचा आवाज जरा खोल, दुसऱ्याचा जरा मोकळा. गवयाच्या मागे दोन्ही एकत्र वाजले की स्वर भरून येतो. कारागीर भोपळे निवडतानाच ही जोडी मनात धरतो.

त्यातला एक तंबोरा माझ्याकडे आहे. हाताने घडवलेलं वाद्य साध्या मिळकतीच्या माणसाला घेता येतं, याबद्दल मला आज लिहायचं आहे. आणि ते त्याला घेता येतं ते कुणाच्या जिवावर, याबद्दलही.

विषय निघाला तो माझ्या भाच्यामुळे. तो जेल रोडला राहतो आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. त्याच्याकडून मी पहिल्यांदा गॉर्डन-स्मिथ हे नाव ऐकलं. मँचेस्टरजवळच्या पार्टिंग्टनमध्ये गॉर्डन व्हिटम आणि जॉन स्मिथ या दोघांनी 1974 मध्ये हे छोटं वर्कशॉप सुरू केलं. पुढे व्हिटम वेगळे झाले. जॉन स्मिथ यांनी मात्र मोजक्या माणसांना हाताशी धरून ते काही दशकं चालवलं आणि 2015 मध्ये नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या ऑडन कंपनीकडे सोपवलं. नामांकित अमेरिकन गिटारींपुढे यांची किंमत कमी, आणि गिटार मात्र हाताची. हे जमलं कसं, असं मी विचारलं, तर भाचा म्हणाला, "आत्या, नटवायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं." मॉडेलं थोडी. लाकडावर झगमगाट नाही. तारांखालची पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घेऊन केलेलं ते वेटोळं, तेही बाहेरून न आणता वर्कशॉपमध्येच गुंडाळायचं. इलेक्ट्रिक गिटारचा गळा त्या वेटोळ्यातच असतो. बाकी गोष्टींत काटकसर केली तरी तिथे करायची नाही, हा त्यातला शहाणपणा मला पटला.

कारण मिरजेत मीही हेच पाहिलं होतं.

मिरजेचा हा धंदा तलवारींतून जन्मला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि पाणी देणारे. इंग्रजी अंमल बसल्यावर शस्त्रांची मागणी आटली आणि या हातांना दुसरं काम शोधावं लागलं. पटवर्धनांच्या संस्थानात गवयांचं येणं-जाणं होतं. त्यांची वाद्यं उत्तरेतून यायची, आणि मोडली तर दुरुस्तीला परत कुठे पाठवायची? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी ती दुरुस्त करता करता स्वतःच घडवायला घेतली. त्यांच्या वंशजांचं आडनावच पुढे सतारमेकर झालं. लोखंडाला धार लावणाऱ्या माणसाने लाकडाचा आणि भोपळ्याचा कान ओळखावा, ही मला महाराष्ट्रातल्या कारागिरीच्या इतिहासातली फार मोठी घटना वाटते. पाठ्यपुस्तकात तिला अर्धं पान तरी मिळायला हवं होतं.

पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. वाद्यदुरुस्तीत ते स्वतः निष्णात होते, तंबोरा लावण्याबाबत तर विलक्षण काटेकोर. त्यांची कबर तिथल्या मीरसाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. असा कान असलेला गवई गावात असला की कारागिराला कमअस्सल काम खपवता येत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचं नाव झालं त्यात या गिऱ्हाइकाचाही वाटा आहे.

आमच्या नाशिकचं आणि मिरजेचं नातंही जुनं. विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले कुरुंदवाडला, 1872 मध्ये. मिरज संस्थानच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, 1896 मध्ये मिरज सोडून निघाले, 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. महाविद्यालयाची मुंबईतली वास्तू कर्जापायी हातची गेल्यावर ते पंचवटीत रामनाम आधार आश्रमात येऊन राहिले. अखेर 1931 मध्ये त्यांनी देह ठेवला तो मिरजेतच. गाणं घरंदाज बायकांनी, मध्यमवर्गीय मुलांनी शिकावं म्हणून हा माणूस झिजला. आज नाशिक रोडला संध्याकाळच्या गाण्याच्या क्लासला माझ्यासारखी बाई जाते, त्यामागे ते आहेत. पण शिकणाऱ्याच्या घरी वाद्यही हवं. आणि ते शिकणाऱ्याच्या खिशाला झेपणारं हवं.

तंबोरा कसा होतो ते सांगते, कारण किमतीचा हिशेब त्याशिवाय कळणार नाही. भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. हा खायचा भोपळा नव्हे, कडू. वेलीवर असतानाच त्याचा आकार राखावा लागतो. मग कित्येक महिने सुकवायचा, कापण्याआधी पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतला गर काढायचा, तोंड हव्या त्या घेरापर्यंत ताणून धरायचं आणि पुन्हा वाळवायचा. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी फळी, तुणीच्या लाकडाची. तबली किती पातळ तासायची हे मोजून ठरत नाही. कारागीर बोटांनी टकटक करतो, ऐकतो, पुन्हा तासतो. भोपळ्याचं काम एकाचं, सुतारकाम दुसऱ्याचं, नक्षी तिसऱ्याची, पॉलिश चौथ्याचं. नक्षीला पूर्वी हस्तिदंत लागायचं, घोडीला सांबरशिंग. वन्यजीव कायद्याने दोन्ही बंद झाली, ते योग्यच झालं. आता नक्षी सेल्युलॉइडची, घोडी उंटाच्या हाडाची किंवा शिसवीची. माझ्या तंबोऱ्यावर नक्षी जवळजवळ नाहीच. "ताई, वेलबुट्टी कमी केली तर पैसे वाचतील, आवाजात फरक पडणार नाही," असं खुद्द कारागिरानेच सांगितलं. विकणारा माणूस गिऱ्हाइकाचे पैसे वाचवायचा रस्ता स्वतःहून दाखवतो, हे मी इतर कुठल्या दुकानात फारसं अनुभवलेलं नाही.

शेवटी जवारी, म्हणजे घोडीची पाठ घासून घडवणं. चारही तारा भोपळ्यावरच्या घोडीच्या पाठीवरून जातात. ती पाठ सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. कंप पावणारी तार त्या उताराला चाटत राहते आणि तिच्यातून उपस्वरांचं एक झुंबर उजळतं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा सापडली की षड्जाच्या खरजातून गंधार आपोआप ऐकू येतो. भाच्याला हे ऐकवलं तेव्हा तो चकित झाला. गिटारमध्ये तार कशालाही घासली तर तो दोष, ती लगेच दुरुस्तीला न्यायची. इथे ते घासणंच साधायचं असतं.

सी. व्ही. रामन यांनाही याचं कुतूहल होतं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटायला नको, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाचा नियम आहे. तंबोऱ्यात आणि वीणेत तो उमटतो, हे रामन यांनी 1921च्या निबंधात मांडलं आणि त्याचं कारण घोडीच्या त्या वक्र पाठीत दाखवलं. नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधी. सतारमेकरांचा हात ते त्याआधी दोनतीन पिढ्या कानसेने करत आला होता.

आता असं वाद्य नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये सांभाळायचं म्हणजे काय? मनमाडला जाऊन महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली आणि येताना तो भोपळा रात्रभर मांडीशी धरून बसले. डब्यातल्या प्रत्येकाने त्याची चौकशी केली, दोघांनी जागा करून दिली. आमच्याकडे एप्रिल-मे कोरडा, हवा लाकडातलं पाणी ओढून घेते आणि खुंट्या सैल होतात. जुलै-ऑगस्टात त्याच खुंट्या फुगून हलत नाहीत. भिंतीला टेकवून ठेवायचा नाही, उन्हाजवळ ठेवायचा नाही, घरात लहान मूल आलं की आधी तंबोरा उंचावर. रोज लावला तर जवारी वर्षा-दीड वर्षात बसते, आवाज बोथट होतो. मग कुणीतरी जाणता माणूस लागतो. मोबाइलमधलं अ‍ॅप यातलं काहीच मागत नाही. ते मीही वापरलं आहे, प्रवासात अजूनही वापरते, आणि ज्या मुलांकडे जागा नाही, पैसे नाहीत, त्यांना त्याने सूर दिला हे मी मानते. पण तंबोरा लावता लावता कान तयार होतो. पंचम किंचित उतरलेला आहे हे ओळखून खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, पुन्हा ऐकायचं: हा रियाजाचा पहिला अर्धा तास अ‍ॅपवर होतच नाही, कारण तिथे सूर आयता लागलेला असतो.

पैशांचं आता स्पष्ट लिहिते. मधल्या दर्जाच्या मोबाइलला आपण जितके मोजतो, साधारण तितक्यात माझा तंबोरा आला. मला फार आनंद झाला होता. परतल्यावर हळूहळू हिशेब मांडला: महिनोन्‌महिने सुकवलेला भोपळा, चार माणसांचे हात, कित्येक आठवड्यांचं काम. गॉर्डन-स्मिथची गिटार स्वस्त राहिली ती मालकाने काय गाळायचं ते ठरवल्यामुळे. मिरजेचा तंबोरा स्वस्त राहतो त्यात नक्षी गाळण्याचा भाग थोडा आणि कारागिराचे तास न मोजण्याचा भाग मोठा आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. घरातली सगळी माणसं कामाला, तेव्हा कुठे महिना निघतो. मग मुलं दुसऱ्या नोकऱ्या धरतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार, घासाघीस करून तंबोरा नेणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही.

2024च्या मार्चअखेर मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीचं मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरच्या नावे, तंबोऱ्याचं सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्यूसर फर्मच्या नावे. ही मोठी गोष्ट आहे. दुसरीकडे केलेलं वाद्य मिरजेचं म्हणून खपवणाऱ्याला आता कायद्याने अडवता येईल. पण आम्हा नाशिककरांना येवल्याच्या पैठणीचा अनुभव आहे. मानांकन तिलाही मिळालं, तरी यंत्रमागावरची साडी पैठणी म्हणून दुकानात दिसतेच, आणि घेणारीला फरक कळत नाही तोवर विणकराच्या मजुरीत फरक पडत नाही. मानांकन नावाची राखण करतं. मजुरी गिऱ्हाइकालाच द्यावी लागते.

यावर मला एक उपाय सुचतो, आणि तो या सदरातूनच मांडते. मिरजेचे कारागीर पूर्वापार गावोगावी जवारीसाठी फिरतात. पुण्या-मुंबईत त्यांना काम भरपूर मिळतं. नाशिकला एकट्यादुकट्या वाद्यासाठी यायचं तर गाडीभाडंही सुटत नाही. पण नाशिक रोड, देवळाली, उपनगर, पंचवटी, गंगापूर रोड इथल्या गाण्याच्या क्लासांत, भजनी मंडळांत, जुन्या घरांच्या माळ्यांवर मिळून किती तंबोरे असतील! त्यातले कितीतरी केवळ जवारी बसली म्हणून मुके पडले आहेत. दसऱ्यानंतर, हवा कोरडी व्हायला लागली की, सगळ्यांनी मिळून एका कारागिराला चार दिवस बोलावावं. राहण्याची सोय एखाद्या घरी, बसायला क्लासची खोली. प्रत्येक वाद्यामागे दर आधी ठरलेला, तो त्यांनी सांगावा आणि आपण कमी करायला सांगू नये. प्रवासखर्च वेगळा. तुटलेला भोपळा सांधायचा असेल तर त्याची वेळ आणि पैसे निराळे.

माझ्या क्लासमधल्या बायका तयार आहेत. भाच्याला कारागिराशेजारी बसून कानस चालताना बघायची आहे, त्याने त्या दिवसांची रजा आत्ताच सांगून ठेवली आहे. तुमच्या माळ्यावर तंबोरा असेल तर खाली काढा, भोपळ्याला चीर गेली आहे का ते बघा, तारा सैल करून ठेवा, आणि आपल्या भागातल्या गाण्याच्या शिक्षकांकडे नाव देऊन या.