ज्यांचे घर डोक्यावर, त्यांचा मुक्काम कुठे?

दिवाळी हा घरी परतण्याचा सण आहे अशी आपली समजूत असते. चाकरमानी गावाकडे निघतात, लेकी माहेरी येतात, एस. टी. च्या गाड्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. नंदुरबार जिल्ह्यात मात्र याच सुमारास एक उलटा ओघ सुरू झालेला असतो. दसरा उलटला की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर या तालुक्यांतली भिल्ल आणि पावरा कुटुंबे बिऱ्हाड आवरू लागतात. कोणी दिवाळीआधी निघते, कोणी दिवाळी उरकून. कोयते, तवा, दोनचार भांडी, पिठाचे गाठोडे, गोधड्या आणि लेकरे एवढा संसार ट्रकवर चढतो आणि ट्रक पश्चिमेची वाट धरतो. बारडोली, मढी, महुवा, चलथाण इकडचे साखर कारखाने सुरू व्हायचे असतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक नाव आहे : कोयता. माणसांची गणती हत्यारांनी होते, यावरूनच पुढच्या व्यवहाराची कल्पना यावी.

आता याच दिवाळीत आपल्या सुखवस्तू घरांत प्रवासाची एक नवी हौस शिरली आहे. मोटारीतच बिछाना, मोटारीतच चूल, मोटारीतच न्हाणीघर. असे चाकांवरचे घर घेऊन हवे तिकडे जावे, हवे तिथे थांबावे. हौस वाईट नाही. माणसाने हिंडावे, देश पाहावा, परदेशही पाहावा. पण हवे तिथे थांबावे म्हटले तरी रात्री पाणी, वीज आणि निर्धास्त जागा लागतेच. आपल्या सरकारला हे चटकन उमगले. २०२१ साली महाराष्ट्राने 'कॅराव्हॅन पर्यटन धोरण' मंजूर केले. अशा गाड्यांनी कुठे उभे राहावे, तिथे कोणत्या सोयी असाव्यात, याचा विचार सरकारी कागदावर झाला. माझी तक्रार या धोरणाविरुद्ध नाही. माझी तक्रार अशी की, ज्याचे घर चाकांवर आहे त्याच्या रात्रीची चिंता करणाऱ्या सरकारला, ज्याचे घर डोक्यावरच्या गाठोड्यात आहे त्याची रात्र दिसत नाही. दोघेही एकाच रस्त्याने जातात, एकच सीमा ओलांडतात. एकाला आपण प्रवासी म्हणतो आणि दुसऱ्याला स्थलांतरित. शब्द बदलला की कर्तव्यही बदलते, असे आपण ठरवून टाकले आहे काय?

हा रस्ता काही आजचा नव्हे. सुरतेहून नवापूर, नंदुरबारवरून बऱ्हाणपूरकडे आणि पुढे आग्र्याला जाणारा मार्ग हा मोगल काळातला मोठा राजमार्ग. ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या वाटेने गेला. १६७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने नवापूरच्या बारीक, कस्तुरीचा वास येणाऱ्या तांदळाची तारीफ केली आहे. हजारो बैलांचे तांडे घेऊन धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांचेही वर्णन त्याने केले आहे. त्याच्या आधी, १६३० च्या भयंकर दुष्काळात, पीटर मंडी हा इंग्रज नंदुरबारला मुक्कामाला आला, तेव्हा प्रेतांच्या गर्दीत लहानसा तंबू ठोकायलाही त्याला मोकळी जागा मिळेना. या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत भरलेला मुलूख आहे, दुसरीत उजाड झालेला. मुलूख कसा चालला आहे याची परीक्षा वाटसरूला रात्री टेकायला जागा मिळते की नाही यावरून होते, हे या दोन्ही परक्या माणसांनी नकळत लिहून ठेवले.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होते. सराई, धर्मशाळा, पाणपोई, वाटेवरची विहीर ही केवळ पुण्य जोडण्याची साधने नव्हती, ती राज्य चालवण्याचीही साधने होती. अहिल्याबाई होळकरांचे नाव आपण आदराने घेतो ते लढायांपेक्षा घाट, विहिरी आणि धर्मशाळा यांच्यासाठीच. त्यांच्या जन्माला २०२५ साली तीनशे वर्षे झाली. भाषणे झाली, हारतुरे झाले. त्या निमित्ताने नंदुरबारच्या सीमेवर एक धर्मशाळा उभी राहिली असती तर ते स्मारक बाईंना अधिक आवडले असते.

सीमा म्हणतो खरे, पण ही सीमा तरी केवढी? १ मे १९६० पर्यंत खानदेश आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते. त्या दिवशी रेघ ओढली गेली. ती नवापूरच्या रेल्वे स्टेशनातूनच गेली आणि फलाटाचे दोन तुकडे झाले. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर अर्धा माणूस मराठी आणि अर्धा गुजराती होऊन बसू शकतो. येणारेजाणारे कौतुकाने त्या बाकाचे छायाचित्र काढतात. गंमत म्हणून हे ठीक आहे. पण ज्या पावरा बाईच्या डोक्यावर गाठोडे आणि काखेत मूल आहे, तिच्या दृष्टीने त्या रेघेचा अर्थ वेगळा आहे. रेघेच्या अलीकडे तिची अंगणवाडी आहे, मुलाची शाळा आहे, दवाखान्याच्या वहीत तिचे नाव आहे. रेघेच्या पलीकडे ती कोणाच्याच वहीत नाही. परदेशी जाणाऱ्या मोटारीला 'कार्ने' नावाचा एक कागद मिळतो. तो त्या गाडीचा जणू पासपोर्टच. गाडी अमुक देशात शिरली, अमुक दिवशी बाहेर पडली, याची त्यावर नोंद होते आणि ती परत येईल याची हमी कोणीतरी घेतलेली असते. मोटारीची एवढी काळजी! या बाईची नोंद मुकादमाच्या उचलीच्या वहीत तेवढी असते, आणि ती परत येईल की नाही याची हमी कोणीच घेत नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्यात मुकादमाला परवाना होता, मजुराला छायाचित्र लावलेले पासबुक होते, घर सोडल्याबद्दल विस्थापन भत्ता होता, जाण्यायेण्याचा खर्च होता, राहण्याची सोय होती. इतकेच नव्हे तर प्रवासाचे दिवस हे कामाचेच दिवस समजून मजुरी द्यावी असेही त्यात लिहिले होते. वाचकहो, या एका कलमात केवढा शहाणपणा आहे पाहा! प्रवास हे काम, म्हणजे प्रवासातली रात्र ही मालकाच्या हिशेबातली रात्र. पण कलम पुस्तकात राहिले आणि माणसे ट्रकमध्ये. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात बारडोलीच्या उसाच्या फडांत जाऊन खानदेशी मजुरांचे हाल जगापुढे मांडले. जगाने वाचले. आपण वाचले काय? पुढे २०२० च्या संहितेत हा जुना कायदा विलीन करण्याचे ठरले. त्यात पाच मजुरांचा उंबरठा दहावर गेला आणि विस्थापन भत्ता गळाला. जुने कलम पाळले गेले नाही म्हणून नव्या कायद्यातून ते काढून टाकायचे, ही आपली सुधारणा.

आता आक्षेप. पहिला आक्षेप ठरलेलाच आहे : ही माणसे स्वखुशीने जातात, त्यांना कोणी बांधून नेत नाही. स्वखुशी! नंदुरबार जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार. त्यातले जवळजवळ ६९ टक्के आदिवासी. सातपुड्याच्या उतारावरची शेती पावसाच्या भरवशावर. पाऊस संपला की हाताला काम नाही, आणि पावसाळ्यातच घेतलेली उचल डोक्यावर. अशा माणसाच्या खुशीला खुशी म्हणावयाचे असेल तर शब्दकोशाची दुरुस्ती करावी लागेल. बरे, क्षणभर स्वखुशी मान्य करू. चाकांवरचे घर घेऊन निघणारा तरी कोणाच्या जबरदस्तीने निघतो? त्याची खुशी सोयीला पात्र आणि याची खुशी मात्र सोय नाकारण्याचे कारण, हा न्याय कोणत्या गावचा?

दुसरा आक्षेप : हे काम कारखान्याचे आणि मुकादमाचे, सरकारने यात का पडावे? फडाजवळच्या पडावावर पाणी, संडास, निवारा देणे हे कारखान्याचे काम आहेच, आणि त्याच्याकडून ते करून घेतलेच पाहिजे. पण वाटेवरची रात्र कोणाची? ट्रक बिघडला, पुढचा ट्रक सकाळी येणार आहे, टोळी पुरी जमलेली नाही, परतीच्या वेळी हिशेब करून रात्री-अपरात्री सीमेवर उतरवले आहे; अशा वेळी माणसे स्टेशनवर, एस. टी. स्टँडवर, पेट्रोल पंपाच्या कडेला पडतात. ट्रकच्या चालकांसाठी तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' नावाची निवासस्थाने काढली आहेत. फार चांगले केले, रात्रभर गाडी हाकणाऱ्याला झोप हवीच. पण चालकाला खाट आणि त्याच ट्रकच्या मागच्या भागात बसलेल्या बाळंतिणीला डांबरी कड, हे दृश्य पाहून आपल्याला काहीच वाटू नये?

तिसरा आक्षेप अधिक धूर्त आहे. सोयी केल्या तर स्थलांतर वाढेल, त्यापेक्षा गावातच काम द्या. गावात काम द्याच! त्याला कोण नको म्हणतो? पण जोवर ते मिळत नाही तोवर वाटेवरच्या माणसाला उघड्यावर ठेवणे हा उपाय कसा होतो? दवाखाने बंद केले तर रोग कमी होतील असे म्हणण्यासारखेच हे झाले. धर्मशाळेच्या लोभाने कोणी सहा महिने ऊस तोडायला जात नाही.

चौथा आक्षेप कुजबुजीने घेतला जातो : वस्तीजवळ असा तळ पडला की चोऱ्या होतात, घाण होते. घाण होते हे खरे, कारण संडास नाही. जिथे संडास आहे तिथे घाण का करावी? आणि चोरीची भीती खरी कोणाला? ज्याचे सारे गाठोडे उशाला आहे आणि दार नाही, त्यालाच ना?

हे सारे अशक्य आहे असे मात्र कोणी सांगू नये. २०२० च्या टाळेबंदीत राज्यांच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा शाळांमधून, कार्यालयांमधून निवारे उघडावे लागले आणि ते थोड्या दिवसांत उघडलेही गेले. त्याआधीच, ९ ऑगस्ट २०१९ रोजी, महाराष्ट्राचे रेशनकार्ड गुजरातेत आणि गुजरातचे महाराष्ट्रात चालू लागले. तो दिवस जागतिक आदिवासी दिनाचा होता, हा योगायोग सुखद म्हणावा. धान्याने सीमा ओलांडली. मग निवाऱ्यानेच काय पाप केले आहे? शहरी बेघरांसाठी लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा असे सूत्र सरकारने मान्य केलेले आहे. पण नवापूर हे लाखाचे गाव नाही, आणि वाटसरू हा नवापूरचा रहिवासीही नाही. सूत्राच्या दोन्ही टोकांतून तो निसटतो.

परदेशाचे दाखले आपल्याला फार प्रिय, तेव्हा एक देतो. फ्रान्समध्ये चाकांवरच्या घरांसाठी कितीतरी लहान गावांनी पाणी भरण्याच्या आणि रात्री थांबण्याच्या जागा केल्या आहेत. आपल्याकडच्या धोरणात त्याचेच अनुकरण दिसते. पण त्याच फ्रान्सने ५ जुलै २००० रोजी आणखी एक कायदा केला. पाच हजारांहून मोठ्या प्रत्येक गावाने पिढ्यान्पिढ्या भटकत राहणाऱ्या लोकांसाठी मुक्कामाची जागा राखली पाहिजे, असे त्याने बंधन घातले. तिथल्या सगळ्या गावांनी ते निमूटपणे पाळले असे नाही, टाळाटाळ तिथेही झाली. पण कायद्याच्या पुस्तकात कर्तव्य लिहिलेले आहे, आणि टाळणाऱ्याला ते दाखवता येते. आपण पहिली गोष्ट उचलली, दुसरी तिथेच ठेवून आलो.

मागणी साधी आहे. नवापूरला, आणि अक्कलकुव्याहून सागबारा-डेडियापाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एकेक सरकारी मुक्कामस्थान असावे. पत्र्याचे का होईना पण छप्पर, पिण्याचे पाणी, बायकांसाठी वेगळे आणि कडी लागणारे संडास, दिवा, चुली पेटवण्याची जागा, एक पहारेकरी आणि एक वही. त्या वहीत येणाऱ्याचे नाव, मुलाचे वय, कारखान्याचे आणि मुकादमाचे नाव लिहावे, आणि त्या नोंदीची प्रत पलीकडच्या जिल्ह्याला जावी, म्हणजे मुलाची शाळा आणि गरोदर बाईचा दवाखाना त्या रेघेपाशी तुटणार नाही. खर्च दोन्ही राज्यांनी वाटून घ्यावा आणि कारखान्यांकडून गाळलेल्या टनामागे वसूल करावा. ऊस मोजणारा काटा आहेच, नवे यंत्र आणावे लागत नाही.

याच रस्त्याने आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे या सुट्टीत केवडियाचा भव्य पुतळा पाहायला जातील. तिथे पर्यटकांसाठी तंबूंची सुंदर वसाहत आहे. खुशाल जावे, आनंदाने राहावे. पण फराळाच्या डब्यातल्या करंजीत आणि शंकरपाळ्यात जी साखर आहे, तिचा ऊस तोडायला निघालेली माणसे त्याच रात्री त्याच रस्त्याच्या कडेला निजलेली असू शकतात. त्यांना एखादी करंजी दिल्याने हा हिशेब फिटणार नाही. आपल्या आमदाराला, जिल्हा परिषदेच्या सदस्याला या दिवाळीच्या भेटीगाठीत एवढेच विचारावे : चाकांवरच्या घरांचे धोरण झाले, डोक्यावरच्या घरांचे केव्हा?