विम्याचा अर्ज आणि डॉक्टरची चिठ्ठी

"डॉक्टरसाहेब, तेवढे 'दहा वर्षांपासून' खोडून द्या," ही विनंती मला हुडकेश्वरच्या दवाखान्यात वारंवार ऐकावी लागते. रुग्ण शहरातल्या मोठ्या दवाखान्यात भरती असतो आणि विमा कंपनीचे पत्र आलेले असते : रक्तदाब जुना आहे, अर्जात तो लपविला, सबब दावा नामंजूर. पुरावा म्हणजे भरतीच्या कागदावरची एक ओळ, नाहीतर माझीच जुनी चिठ्ठी.

मी खोडून देत नाही. तीच नोंद पाहून भूल देणारे डॉक्टर औषध ठरवितात. शिवाय खाडाखोड उघडकीस आली तर उरलासुरला हक्कही जातो. मात्र राग मला नातेवाइकांचा येत नाही, पॉलिसी विकण्याच्या रीतीचा येतो. आपल्याकडे अर्ज बहुधा एजंटच भरतो. मधुमेह, रक्तदाब, दमा, सगळ्यांपुढे 'नाही'. एखाद्याने बीपीची गोळी सुरू असल्याचे सांगितलेच, तर "ते लिहू नका, हप्ता वाढेल" असा सल्ला मिळतो. माणूस विश्वासाने सही करतो. हप्ता घेताना कोणी नाडी पाहत नाही. रुग्ण खाटेवर पडला की मात्र दहा वर्षांची कुंडली मांडली जाते! तपासायचेच तर आधी तपासा ना.

न्यायालये काय पाहतात? २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार लपविलेला होता. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. दुसऱ्या प्रकरणात एका गृहस्थांना अमेरिकेत उतरताच हृदयविकाराचा झटका आला. त्यांनी मधुमेह अर्जात लिहिला होता, पण कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा उल्लेख नाही म्हणून कंपनीने पैसे नाकारले. ६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने त्यांना न्याय दिला. अर्जातली ती 'मधुमेह' ही नोंद त्यांना तारून गेली.

खरे सांगितले तर नुकसान किती? २०२४ च्या नियमांप्रमाणे जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. पॉलिसी सलग पाच वर्षे चालली, की लबाडी सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपविल्याचे कारण कंपनीला पुढे करता येत नाही. म्हणून नूतनीकरण एक दिवसही चुकवू नये.

दावा नाकारला गेलाच, तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या विदर्भासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तक्रार घरबसल्या ऑनलाइनही करता येते. फी नाही, वकील लागत नाही. मात्र वर्षाच्या आत जायला हवे.

आणि ज्यांच्या अर्जात एजंटने 'नाही' लिहून ठेवले आहे, त्यांनी आजारी पडायची वाट न पाहता कंपनीला आजच लेखी कळवावे. हप्ता वाढेल, अटी बदलतील, हे खरे. आजार कधीपासून आहे याची खरी तारीख घातलेली चिठ्ठी मात्र मी जरूर देईन.